आधी काटा, मग नाना पेठ

गाडी दाखवायला आणलीस, दाखवून झाली. आता किल्ली टेबलावर ठेव आणि ऐक. मध्ये बोलायचं नाही. "पण सर, मेकॅनिक म्हणाला" हे वाक्य आज इथे चालणार नाही. मेकॅनिक तू आहेस. दोन वर्षं ट्रेड शिकून, परीक्षा देऊन, सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलास. ते फ्रेम करून घरात लावलंय म्हणे. ती फ्रेम निवडताना जेवढा विचार केलास, तेवढा या चार चाकांचा केला असतास तर आज माझा घसा कोरडा पडला नसता.

काय काय करून ठेवलंस, ते आधी मोजू. पिकअपच्या पंधरा इंची लोखंडी डिस्क काढल्यास आणि सतरा इंची काळी ॲलॉय बसवलीस. तीही कुठल्याशा एसयूव्हीची, सेकंड-हँड. मागे दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे पिवळेधमक शॉकअप लावलेस, का तर खोक्यावर 'हेवी ड्यूटी' छापलं होतं. पाट्यांच्या थप्पीत एक पाटा वाढवलास. आणि एवढं झाल्यावर माझ्याकडे तक्रार घेऊन आलास की, लोड भरला की खेडच्या उताराला मागून खाड खाड आवाज येतो, खालचा ब्रॅकेट वेल्डिंगपाशी तडकलाय, तेव्हा शॉकअपच भिकार निघाले. शॉकअप भिकार नाहीत. ते ज्या गाडीसाठी बनले त्या गाडीखाली उत्तम चालले असते. तुझ्या गाडीखाली ते आलेच कसे, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी तुझी आहे.

एक सांग. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं. क्रेटमागे पाव किलो जास्त गेलं की शेतकरी भांडतो, पाव किलो कमी भरलं की व्यापारी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे तोलणाऱ्याशी हुज्जत घालताना तुला झोप आठवत नाही. किलोकिलोवर तुझं घर चालतं. मग मला सांग, माल भरल्यावर तुझ्या मागच्या ॲक्सलवर किती किलो येतात?

बघ. मान खाली गेली.

आजवर एकदाही मागची दोन चाकं तेवढी काट्यावर उभी केली नाहीस. मालाचं वजन तुला तोंडपाठ, गाडीवरचं ओझं माहीत नाही, आणि ते ओझं माहीत नसताना ते पेलणारे भाग मात्र रोख पैसे मोजून घेऊन आलास. तुझी सगळी चूक एवढ्यात आली. बाकी जे काही सांगणार आहे ते याच चुकीचे फाटे आहेत. तेव्हा कागद घे आणि मांड. हे आकडे उदाहरणाला घेतोय. तुझे खरे आकडे तू काट्यावरून आणणार आहेस.

समज, गाडीची पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर झालेला माल, १,३०० किलोची. म्हणजे वीस किलोची पासष्ट क्रेट. क्रेटचं स्वतःचं वजन धरलंस का? नाही धरलंस. कोणीच धरत नाही. दीड किलोचं एक क्रेट धर, पासष्ट क्रेटचे साडेसत्त्याण्णव किलो झाले. म्हणजे ज्याला तू 'पासिंगमध्येच' म्हणतोस, तेव्हाही गाडी जवळजवळ शंभर किलोने पुढे गेलेली असते. आणि तू तर ऐंशी क्रेट लावतोस. १,६०० किलो टोमॅटो, १२० किलो क्रेट, एकूण १,७२०. वर ४२० किलोचा उद्दामपणा.

आता पुढे. हौद्यातल्या मालाचा बहुतेक भार मागच्याच ॲक्सलवर उतरतो. नव्वद टक्के धर. रिकाम्या गाडीचे मागे ७०० किलो धर. पासिंगइतका माल भरलास तर मागे १,८७० किलो, एका चाकावर ९३५. ऐंशी क्रेटला मागे २,२४८, एका चाकावर १,१२४. आता तुझ्या टायरकडे बघ. मूळच्या २१५/७५ आर १५ च्या पुढे १०६ आकडा होता असं समज. त्याला लोड इंडेक्स म्हणतात, त्याचा तक्ता तुला मी फळ्यावर लिहून दिला होता: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १,०३०. गाडी बनवणाऱ्याने ९३५ च्या चाकाला ९५० चा टायर दिला होता. मोजून दिला होता. तू त्या जागी एसयूव्हीचा २३५/६५ आर १७ चढवलास, त्यावर १०४ लिहिलंय. ९०० किलो. पासिंगइतका माल भरलास तरी तो अपुरा, आणि तू पासिंगवर थांबतोस थोडाच!

वर आणखी एक गोष्ट. तो टायर माणसं वाहणाऱ्या गाडीचा आहे, मालवाहू नाही. अमेरिकेत असा टायर हलक्या ट्रकला बसवायचा तर त्याच्यावर लिहिलेल्या भाराला १.१ ने भागून जे येईल तेवढाच भार हिशेबात धरतात. भाग ९०० ला. ८१८ आले. ८१८ किलोच्या टायरवर १,१२४ किलो ठेवून तू पावसात एकलहरे, मंचर, राजगुरुनगर करत उतरतोस. टायरची बाजू रुंद दिसते म्हणून तो ताकदवान, असं तुला वाटलं. रुंदी भार पेलत नाही. भार पेलते आतली हवा आणि ती हवा धरून ठेवणारा सांगाडा. मालवाहू टायरमध्ये जेवढी हवा भरतात तेवढी भरायला एसयूव्हीचा टायर बनलेलाच नसतो. कमी हवेत जास्त ओझं, म्हणजे बाजू सतत दुमडणार, दुमडली की तापणार, तापली की एक दिवस फुटणार. हे तुला परीक्षेत आलं होतं. पाच मार्कांना.

आता शॉकअप. उभा राहा आणि सांग, शॉकअप काय करतो? "लोड उचलतो"? शाबास! दोन वर्षांची फी वाया. लोड उचलतो तो पाटा. पाटा म्हणजे हमाल, शॉकअप म्हणजे मुकादम: ओझं हमालाच्या पाठीवर, आणि तो नाचायला लागला तर त्याला आवरायचं काम मुकादमाचं. खड्ड्यात पाटा दबतो, मग उसळतो, मग पुन्हा दबतो. ही वरखाली थांबवायला शॉकअपच्या नळीत तेल आणि बारीक भोकांचा पिस्टन असतो. भोकांतून तेल जाताना त्या हालचालीचं उष्णतेत रूपांतर होतं. बस, एवढंच त्याचं काम. गाडी बसते म्हणून शॉकअप बदलणारा माणूस ताप आला म्हणून चष्म्याचा नंबर वाढवून घेतो. गाडी बसत असेल तर पाटे बघ, शॅकलचे बुश बघ, आणि सगळ्यात आधी हौद्यात काय भरलंस ते बघ.

मग तुझा ब्रॅकेट का तडकला? शॉकअपला दोन लांब्या असतात: पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण मिटल्यावरची. तू खरेदी करताना फक्त उघडलेली लांबी बघितलीस, कारण लांब दिसला की ऐट वाटते. तो शॉकअप उंच केलेल्या गाडीसाठी बनलाय, म्हणून त्याची मिटलेली लांबीही जास्त. तुझ्या गाडीत लोड भरला की ॲक्सल वर सरकतो. खड्डा आला की आणखी वर जातो. खरं तर त्याने चेसिसच्या खालच्या बंप स्टॉपच्या रबरावर टेकायला हवं. पण त्याआधीच तुझा शॉकअप मिटून संपतो, आणि संपला की तो शॉकअप उरत नाही, लोखंडाचा दांडा होतो. मग त्या खड्ड्याचा सगळा मार जातो ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर. खाड खाड तो आवाज आहे, तू न केलेल्या मोजमापाचा.

मापायचं कसं, तेही तुला पाठ होतं. गाडी रिकामी असताना वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर घे. पूर्ण भरल्यावर घे. चेसिस जॅकवर उचलून ॲक्सल लोंबकळू दे, तेव्हा घे. आणि बंप स्टॉपचं रबर पूर्ण दबल्यावर किती उरेल ते काढ. शॉकअपची मिटलेली लांबी या शेवटच्या मापापेक्षा वीस-पंचवीस मिलिमीटर तरी कमी हवी. उघडलेली लांबी लोंबकळत्या मापापेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर उड्या मारताना तोच ॲक्सलला टांगून धरतो आणि आतली सील फाडून घेतो. वर डोळा आहे की पिन, बुशची जाडी किती, बोल्टचा व्यास किती, हे लिहून घे. चार मापं, एक टेप, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तू बहुधा दुकानदाराच्या मोबाइलवर फोटो बघत बसला होतास.

गॅसचा घ्यावा की तेलाचा, असं तू मघाशी विचारलंस. विचारलंस ते बरं केलंस, पण उत्तराआधी प्रश्न नीट मांड. दोन्हींत तेल असतंच. गॅसवाल्यात नायट्रोजनचा दाब तेलाला फेस येऊ देत नाही, म्हणून लांब घाटात, एकामागून एक खड्डे आले तर तो लवकर थकत नाही. एका नळीचा गॅस शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण त्याच्या नळीला दगड लागून पोचा आला तर पिस्टन अडकतो. दोन नळ्यांचा बाहेरून मार सोसतो. तुझ्यासारख्या मातीच्या रस्त्यावरून शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्याला गाडीच्या मूळ पार्ट नंबरचा दोन नळ्यांचा शॉकअप पुरेसा आहे, मग तो गॅसचा असो वा नुसता तेलाचा. आत स्प्रिंग असलेला किंवा हवेवर चालणारा 'लोडवाला' शॉकअप घेऊ नकोस. तो ओझं पाट्याच्या हुकांवरून काढून शॉकअपच्या नाजूक ब्रॅकेटवर टाकतो. तुझा ब्रॅकेट काय म्हणतो ते आपण मघाशीच बघितलं.

आणि तो वाढवलेला पाटा! हे केल्याचा तुला सगळ्यात जास्त अभिमान वाटला आणि हेच सगळ्यात घातक आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो, चेसिसला लावलेला, दांडीने ॲक्सलशी जोडलेला. गाडी किती दबली यावरून तो ओळखतो की माल किती आहे, आणि तेवढा दाब मागच्या ब्रेकला सोडतो. पाटा वाढवल्यावर ऐंशी क्रेट घालूनही गाडी पूर्वीएवढी दबत नाही. व्हॉल्व्ह समजतो, माल कमी आहे. मागच्या ब्रेकला दाब कमी जातो, सगळं काम पुढच्यांवर पडतं, आणि ते तापून ढिले पडतात. तुझ्या गाडीला तो व्हॉल्व्ह आहे की नाही हे तू गाडीखाली वाकून बघितलंस का? नाही. पुढून गाडी कशी 'उठलेली' दिसते तेवढं बघितलंस.

साताऱ्याहून परतीचं भाडं मिळालं की कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतोस ना? २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्याच उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. तिथे काय बिघडलं होतं त्याचा तुझ्या पाट्याशी संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण तो उतार कसा आहे, हे साऱ्या पुण्याला माहीत आहे. अशा उताराला मागचे ब्रेक स्वतःच्या हाताने अर्धे करून जाणारा माणूस माझा विद्यार्थी आहे, हे मी कोणाला सांगू?

चाकांवर येऊ. "पाचही बोल्ट बसले सर, एकदम फिट." हे तुझं वाक्य मी लिहून ठेवलंय, पुढच्या बॅचला वाचून दाखवायला. बोल्ट बसले म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास जुळला. १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. हायलक्स आणि डी-मॅक्सलाही १३९.७ च आहे, फक्त तिथे बोल्ट सहा. वर्तुळ जुळणं ही पहिली परीक्षा, आणि तू तिथेच पास झाल्याचे पेढे वाटलेस. उरलेल्या कोणी द्यायच्या?

दुसरी, मधलं भोक. हबचा गोल चाकाच्या मधल्या भोकात नीट बसला पाहिजे. सैल राहिला तर चाक नुसत्या बोल्टवर लोंबकळतं, थरथरतं, आणि बोल्ट थकतात. तिसरी, ऑफसेट: चाकाची मधली रेषा हबच्या बसण्याच्या जागेपासून किती आत किंवा बाहेर आहे. तुझी चाकं मडगार्डबाहेर डोकावतात, ती तुला रुबाबदार वाटतात. मला दिसतो तो बेअरिंगवर पडणारा जास्तीचा पीळ. पुढे तेच स्टिअरिंगला खेचतं, बॉल जॉइंट खातं आणि पावसात चिखल मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडवतं. चौथी, नटाची बसण्याची जागा. कुठे ती शंकूसारखी उतरती, कुठे गोलाकार. तुझे जुने लोखंडी डिस्कचे नट तू तसेच ॲलॉयवर आवळलेस. ॲलॉयचं तोंड जाड असतं, म्हणून नट किती आटे पकडतो तेही मोजायला हवं. स्टडच्या जाडीएवढी तरी पकड हवी. आणि चाक आणखी बाहेर ढकलणारा स्पेसर, हा शब्द तू माझ्यासमोर उच्चारूही नकोस.

पाचवी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तू बघितलीच नाहीस. चाक उलटं कर. चांगल्या ॲलॉयच्या मागे किंवा आतल्या बाजूला ते किती भार घेऊ शकतं ते किलोमध्ये ओतलेलं असतं. तुझ्याकडच्या चारही चाकांवर तो आकडा वाच. आयएसआयची खूण शोध. २०२० मध्ये केंद्र सरकारने चाकांच्या रिमसाठी ती बंधनकारक करणारा आदेश काढला, तो काही शोभेला नव्हता. तो आकडा १,१२४ च्या खाली असला, आणि असणारच, तर ती चाकं तुझ्या गाडीची नाहीत. त्यातून एखाद्यावर आत वेल्डिंगची रेघ दिसली तर ते आजच भंगारात. लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते, वाकली की कळते, आणि बदलता येते. ॲलॉय तडकतं, आणि वेल्डिंग मारून वर काळा रंग दिलेलं ॲलॉय तडकताना आधी चिठ्ठी पाठवत नाही. पावसाळ्यातले पुण्याचे रस्ते तुला मी शिकवायला नकोत.

आता गणित. मूळ टायरचा व्यास: २१५ चे ७५ टक्के १६१.२५, दुप्पट ३२२.५, त्यात पंधरा इंचांचे ३८१ मिळव. ७०३.५ मिलिमीटर. तुझ्या नव्याचा: २३५ चे ६५ टक्के १५२.७५, दुप्पट ३०५.५, सतरा इंचांचे ४३१.८. ७३७.३. फरक ४.८ टक्के. म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६३ वर असते. मीटरवर १,००० किलोमीटर झाले तेव्हा गाडी १,०४८ चाललेली असते. ऑइल बदलायचं ते उशिरा होणार, आणि "मायलेज पडलं सर" म्हणून पुन्हा माझ्याकडे येणार. चाक मोठं झालं म्हणजे तेवढ्याच ब्रेकला गाडी थांबवायला जास्त जोर लागतो, आणि चढाला क्लच तेवढाच जास्त घासतो. टायरची बाजूची उंची मात्र साडेआठ मिलिमीटरने कमी झाली. म्हणजे वजन वाढवलंस आणि रिम वाचवणारं रबर कमी केलंस. हे सगळं आठवीच्या मुलाला येतं. तुला दुकानात आठवलं नाही.

या चाकांची कल्पना तू कुठून उचललीस ते मला ठाऊक आहे. कोरेगाव पार्कात रविवारी उंच केलेल्या, जाड टायरच्या गाड्या कॉफी प्यायला येतात. त्या मालकांच्या हौद्यात फार तर एक सायकल असते. त्यांनी हौस करावी, त्यांच्या पैशाने करावी. तुझ्या हौद्यात दुसऱ्याचं पीक असतं. ऑस्ट्रेलियात लोक पाटे आणि शॉकअप बदलून गाडीची वजन पेलायची मर्यादा वाढवतात, हे तू व्हिडिओत बघितलंस. तिथे त्यासाठी मान्यताप्राप्त संच, अभियंत्याची तपासणी आणि कागदावर नोंद लागते, हे त्या व्हिडिओत पुढे होतं. तेवढ्यात तू बंद केलास.

आपल्याकडे कायदा आणखी सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तुझे फेरफार मोज बघू. आणि जादा मालाचं कलम १९४: वीस हजार रुपये, वर दर जादा टनाला दोन हजार, शिवाय माल तिथेच उतरवायचा खर्च तुझा. टोमॅटो आहेत ते, उन्हात रस्त्याकडेला उतरवले तर संध्याकाळी त्यांचं काय होईल? दिवे गावच्या आरटीओ ट्रॅकवर फिटनेसला गाडी न्यायच्या आदल्या दिवशी जुनी चाकं परत लावायचा तुझा बेतही मला कळलाय. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेयर आदल्या दिवशी येत नाही.

उलट बाजूही ऐक, म्हणजे मी नुसता भीती घालतो असं वाटायला नको. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा, त्याच पार्ट नंबरचा नवा लावणं, किंवा वाकलेली डिस्क काढून तशीच दुसरी लावणं, हा फेरफार नाही. ती दुरुस्ती आहे, आणि ती वेळेवर केलीच पाहिजे. कायद्याचं तुझ्या गाडीच्या दुरुस्तीशी वैर नाही.

आणि तू राहतोस कुठे? या शहरात! वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय आहे. तिथे चाकाला पीळ देऊन, भार घालून लाखो वेळा फिरवून, वर वजन आपटून तपासतात. भोसरीला तशीच दुसरी संस्था, १९६७ मध्ये स्थापन झालेली सीआयआरटी आहे. नारायणगावला जाताना मोशी सोडलीस की कुरुळी लागतं, तिथे गॅब्रिएल इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय रस्त्यालगत आहे. शॉकअप बनवणारी ही कंपनी १९६१ पासूनची. चाकणच्या पट्ट्यात चाकं बनतात. एवढी विद्या तुझ्या रोजच्या रस्त्यावर, आणि तू सल्ला घेतलास चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या पिकअपवाल्याचा, ज्याचा शॉकअप तीन महिन्यांपूर्वी गळायला लागलाय.

गळण्यावरून आठवलं. शॉकअप कधी बदलायचा, हेही तू हाताखालच्या पोरांना चुकीचं शिकवतोस. मडगार्डवर दाब देऊन गाडी किती वेळा हलते हे बघायची युक्ती कारला चालते. रिकाम्या पिकअपचे पाटे इतके कडक असतात आणि एकमेकांवर इतके घासतात की शॉकअप मेलेला असला तरी ती हलत नाही. पिकअपला दुसऱ्या खुणा बघ. नळीवरून तेलाचे ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ. टायरच्या गोलावर थोड्याथोड्या अंतरावर पडलेले खळगे. पुलाच्या जोडावरून गेल्यावर मागचा भाग एकदा बसून थांबण्याऐवजी दोनतीनदा झुलणं. आणि घाट उतरून आलास की सायलेन्सर सांभाळून चारही शॉकअपना हाताच्या पाठीने जवळून चाचपून बघ. काम केलेला शॉकअप कोमट असतो. एक थंड आणि तीन गरम असतील तर थंड आहे तो फुकट फिरतोय. बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदलायचे. एकच बदलून दुसऱ्या बाजूचे पैसे वाचवणारा वळणावर ते पैसे व्याजासकट देतो.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चांगला मालही मिळतो आणि वाईटही; फरक ओळखायचं काम गिऱ्हाइकाचं. जुनी नळी कापून, तेल भरून, वेल्डिंग मारून, रंग देऊन नव्या खोक्यात घातलेला शॉकअप हातात घेतलास की कडेची शिवण बोटाने चाचप. हाताने दाबून सोड. प्रत्येक दिशेला सलग अडवायला हवा, मध्येच मोकळा पडायला नको. पार्ट नंबर मागून घे, जीएसटीचं बिल मागून घे. बिल देत नाही म्हणाला तर "बरं" म्हणून बाहेर ये. बसवताना दोन नळ्यांचा शॉकअप आधी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण उघड-मीट कर म्हणजे आतली हवा निघेल. बुशचे बोल्ट जॅकवर असताना शेवटचे आवळू नकोस. गाडी चाकांवर उभी करून, मग आवळ. नाहीतर रबर कायम पिळलेलंच राहतं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पान्यावर उडी मारणं म्हणजे टॉर्क नव्हे.

आता लिहून घे, सोमवारी हे हवं. पहिलं, ब्रॅकेट बदलून झाल्यावर वजनकाट्याच्या तीन पावत्या: पासिंगइतका माल भरलेली पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. दुसरं, नोंदणीतले आकडे: गाडीचं एकूण वजन, ॲक्सलचं वजन, टायरचा आकार. ते तुझ्या पावत्यांशी जुळव आणि जिथे जुळत नाही तिथे लाल पेनाने खूण कर. तिसरं, शॉकअपची चारही मापं, मी वर सांगितली त्या क्रमाने. चौथं, चाकांच्या पाच परीक्षांचा तक्ता, जुन्या डिस्कचा आणि या ॲलॉयचा शेजारी शेजारी. वाढवलेला पाटा आजच काढ, जुन्या डिस्क आणि त्यांचे टायर आजच लाव, आणि टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील तर ते टायरही बदल. तडकलेल्या ब्रॅकेटवर टपरीवरचं वेल्डिंग मारून घेऊ नकोस. तो बदलून येईपर्यंत गाडीत एक क्रेटही भरायचं नाही.

"धंदा बुडेल" असं तोंडात येतंय, दिसतंय मला. क्रेटच्या वजनासकट पासिंगमध्ये बसणाऱ्या साठ क्रेटचं भाडं ऐंशी क्रेटपेक्षा कमी, हे बरोबर आहे. म्हणून काट्याच्या पावतीमागे आणखी एक हिशेब लिही: गेल्या वर्षात टायर, पाटे, बेअरिंग, ब्रॅकेट आणि बंद पडून घालवलेले दिवस यांचा खर्च किती झाला आणि वरच्या वीस क्रेटनी किती मिळाले. तो हिशेब मी करून देणार नाही. तुझ्याच हाताने कर, कारण माझ्या आकड्यांवर तुझा विश्वास बसत नाही हे आज सिद्ध झालंय. मोठ्या गाडीची गरज आहे असं त्यातून निघालं तर मोठी गाडी घे, मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन. पण छोट्या गाडीला रंगीत शॉकअप लावून मोठी करायचा उद्योग बंद.

किल्ली घे. रिकामी गाडी सावकाश घरी ने. आणि चारही कागद हातात असल्याशिवाय नाना पेठेत पाऊल टाकायचं नाही, माझ्या दारातही नाही.